अंतर्गत बाब

"त्यांनी आम्हाला बघितलं होतं," कांद्याची पात चिरता चिरता फ्राउ लान म्हणाल्या आणि पातीची पुढची जुडी त्यांनी जवळ ओढली.

बुद्धपौर्णिमेचा रविवार होता. हॅनोव्हरमधल्या सहा-सात मराठी बौद्ध कुटुंबांना स्वतःचं विहार नाही, त्यामुळे ती सगळी या दिवशी व्हिएतनामी पॅगोडात येतात. पुरुष खुर्च्या लावतात, बायका मागच्या स्वयंपाकघरात हात लावतात. अरुणा गमरे गेली बारा वर्षं तिथे फ्राउ लान यांच्या शेजारी उभी राहून भाज्या चिरत आली होती. सत्तरी ओलांडलेली, तिच्या खांद्याइतकी बाई. इतक्या वर्षांत दोघी तांदळाबद्दल बोलल्या होत्या, गुडघ्यांबद्दल, सुनांबद्दल. फ्राउ लान व्हिएतनाममधून निर्वासित म्हणून बोटीतून आल्या हे अरुणाला सगळ्यांसारखंच माहीत होतं, म्हणजे नुसतं माहीत होतं. आज कोणीतरी विचारलं, तुम्ही जर्मनीत कधी आलात, आणि त्यांनी आपल्या तुटक जर्मनमध्ये सांगायला सुरुवात केली. तिसरा दिवस होता. दुपार. पाणी संपलेलं. एक मोठं जहाज आलं. कठड्याशी एक माणूस दुर्बीण लावून उभा होता. आम्ही पातेली वाजवली, मुलं वर उचलून धरली. त्याने दुर्बीण खाली केली, परत लावली, परत खाली केली. मग जहाज वळलं आणि गेलं. दुसऱ्या दिवशी दुसरं आलं, त्याने आम्हाला घेतलं.

"आल्झो, तर," त्या म्हणाल्या, "ज्याने घेतलं त्याचे आभार मी रोज मानते. पण विचार येतो तो त्या दुर्बीणवाल्याचा. आता म्हातारा झाला असेल. त्याला आठवत असेल का?" आणि मग त्याच सुरात, "मीठ द्या ना."

अरुणाने मीठ दिलं. नंतर तिच्या लक्षात आलं की आपण सुरी खाली ठेवली आहे आणि दोन्ही हात ओट्यावर पालथे टाकून उभ्या आहोत. बाहेर घंटा झाली. कोणीतरी तिला ताट धरायला बोलावलं. ती गेली, बसली, वंदना म्हटली, जेवली, आणि त्यातलं काहीही तिला नंतर आठवेना. आठवत होता तो फक्त तो प्रश्न, आणि म्हातारीच्या आवाजात राग नव्हता ही गोष्ट. राग असता तर अरुणाला त्याच्याशी भांडता आलं असतं. परतीच्या वाटेवर श्टाडबानच्या डब्यात शेजारी तिची सतरा वर्षांची मुलगी मैत्री कानात बोंडं घालून बसली होती, खिडकीबाहेर लिंडेन भागातली घरं मागे सरकत होती, आणि अरुणा आपल्या ऑफिसच्या मेलमधल्या एका कप्प्याचा विचार करत होती. त्या कप्प्याचं नाव होतं 'बेटं'.

त्या देशाला ऑफिसात सगळे 'दी इन्झेल्न'च म्हणत. बेटं. दूरच्या समुद्रातला लहानसा देश, लोकसंख्या हॅनोव्हरपेक्षा कमी, सैन्य म्हणजे चार गस्ती बोटी आणि एक बँड. अरुणाची कंपनी उष्णता टिपणारे कॅमेरे बनवते. अंधारात, धुक्यात, जे गरम आहे ते त्यांच्या पडद्यावर पांढरं दिसतं. असा माल परदेशी विकायचा तर सरकारी परवाना लागतो, आणि परवान्याच्या अर्जासोबत कोण घेतंय, कशासाठी घेतंय, त्या देशाची वागणूक कशी आहे हे सांगणारी टिपणी लागते. ती टिपणी लिहिणं हे अरुणाचं काम. बेटांवरची टिपणी चार पानांची झाली होती आणि तिला स्वतःला ती फार आवडली होती. मानवी हक्कांच्या साऱ्या मोठ्या करारांवर सह्या. छळाविरुद्ध, निर्वासितांसाठी, समुद्रात अडकलेल्यांना वाचवण्यासाठी. संरक्षण दल नागरी नियंत्रणाखाली. परराष्ट्र धोरण समतोल. 'समतोल' या शब्दाशी ती बराच वेळ थांबली होती. त्या देशाच्या उत्तरेला एक मोठा शेजारी होता. बेटांचं धान्य, औषधं, तेल सगळं त्याच्याकडून येई, आणि त्याला आपल्या किनाऱ्यावर बोटीतून येणारी माणसं नको होती. हे तिला माहीत नव्हतं असं म्हणता येणार नाही. एका परिच्छेदात तिने ते लिहिलंही होतं. पण पुढचाच परिच्छेद सह्यांचा होता, आणि सह्यांचा परिच्छेद लांब होता.

कमांडर बेन्तो तपासणीसाठी आला तो अडीच वर्षांपूर्वीच्या नोव्हेंबरात. बेटांच्या तटरक्षक दलाचा प्रमुख. पन्नाशीचा, रुंद हाडाचा, उसना घेतलेला ओव्हरकोट दंडांत तटतटलेला. कॅमेऱ्याची चाचणी श्टाइनहूडच्या तळ्यावर ठेवली होती, कारण हॅनोव्हरजवळ समुद्राचं काम भागवायला तेवढंच पाणी आहे. तळ्यावर धुकं इतकं दाट की धक्क्याचं टोक दिसेना. इंजिनियर लोक बोटीत कॅमेरा बसवत होते, विक्रीचं काम बघणारा शिरीष कॉफी आणायला गेला होता, आणि बेन्तो पडद्यावरची बदकं मोजत होता. "चौदा," तो म्हणाला. "मॅडम गमरे, माझा चुलता असाच धुक्यात गेला. आम्ही त्याच्या अगदी जवळून गेलो असणार. हे तेव्हा असतं तर..." बोलताना तो हात बगलेत खुपसून उभा होता. मग त्याने तिला तिच्या गावाबद्दल विचारलं. तिने खडकी सांगितलं, वडील दारूगोळ्याच्या कारखान्यात होते सांगितलं. "म्हणजे तुम्हाला हे कळेल," तो म्हणाला. काय कळेल ते त्याने सांगितलं नाही, आणि तिला त्या वेळी नुसतं बरं वाटलं.

महिन्याभराने त्याची मेल आली होती. खासगी पत्त्यावरून, तिच्या नावाने. तिने ती इतक्या वेळा वाचली होती की आता डोळे मिटूनही तिचे परिच्छेद दिसत. त्याने लिहिलं होतं: आमच्या मंत्रालयाने मागणीपत्रात कॅमेऱ्याचं चित्रण बोटीवरून पुसता यावं असं घातलं आहे. माझी विनंती आहे की तसं करू नका. नव्वद दिवस कोणालाच पुसता येणार नाही असं यंत्रातच बसवून द्या. ते तुमच्या कंपनीचा नियम म्हणून आलं तर मंत्रालय वाद घालणार नाही. आमच्याकडे समुद्रात काय करायचं याचे हुकूम कधी कधी कागदावर येत नाहीत. फोनवर येतात. यंत्र नोंद ठेवतंय म्हटल्यावर मला फोनवर नाही म्हणता येईल. आमच्या सह्या खऱ्या आहेत मॅडम, पण त्यांना टेकायला काहीतरी लागतं.

तिने सॉफ्टवेअर बघणाऱ्याला सहज विचारल्यासारखं विचारलं होतं. दोन दिवसांचं काम, तो म्हणाला. आणि मग जानेवारीच्या एका सकाळी, चहाचा कप डाव्या हाताला ठेवून, तिने उत्तर लिहिलं. आपल्या पत्राबद्दल आभारी आहोत. मागणीतले बदल केवळ अधिकृत खरेदीदारामार्फतच स्वीकारता येतात. आपल्या देशाच्या अंतर्गत बाबींमध्ये कंपनीने हस्तक्षेप करणं उचित होणार नाही. इंग्रजीतलं ते वाक्य जमल्यावर तिला किंचित अभिमानही वाटला होता. वाक्य खरोखर चांगलं होतं.

श्टाडबान थांबली, मैत्रीने तिच्या दंडाला हात लावला, "मामा, आउसश्टाइगन." आई, उतरायचंय. दोघी उतरल्या. लिमरश्ट्रासेवर ऊन होतं, लोक बाहेर टेबलं टाकून बसले होते. घरी येऊन अरुणाने साडी बदलली नाही, तशीच पलंगाच्या कडेला बसली. लग्न मोडल्यापासून नऊ वर्षं ती याच दोन खोल्यांत राहत होती आणि पलंगाच्या या कडेला बसून तिने पुष्कळ निर्णय घेतले होते. फेब्रुवारीतलाही इथेच घेतला होता. निर्णय म्हणण्यासारखं त्यात काही नव्हतं म्हणा.

झालं होतं ते असं. गेल्या ऑक्टोबरात बेटांच्या एका गस्ती बोटीने एकतीस माणसांची एक होडी अडवली आणि तिला किनाऱ्याला न आणता परत खोल समुद्राकडे हाकललं. होडी उलटली. मच्छिमारांनी बावीस जणांना काढलं. नऊ सापडले नाहीत. बोटीवरचं चित्रण पुसलेलं निघालं. मंत्रालय म्हणालं, असा हुकूम आम्ही दिलाच नव्हता, बोट बेन्तोच्या ताब्यात होती, पुसलं ते त्यानेच. पण त्या देशाने करारांवर सह्या केल्या होत्या, आणि त्या सह्यांमुळेच तिथे चौकशी आयोग बसला, न्यायमूर्ती आले, साक्षी झाल्या. फेब्रुवारीच्या शेवटी आयोगाने कंपनीला विचारलं: चित्रण पुसण्याची सोय कोणाच्या सांगण्यावरून ठेवली? कंपनीच्या वकिलाने उत्तर तयार केलं, अधिकृत मागणीपत्राप्रमाणे. शब्द न् शब्द खरा. पाठवण्यापूर्वी त्याने अरुणाला फोन केला होता. मृदू बोलणारा माणूस. या विषयावर आणखी काही पत्रव्यवहार आहे का तुमच्याकडे? आणि ती म्हणाली होती, "नाही, तसं महत्त्वाचं काही नाही." तो "प्रीमा", छान, म्हणाला आणि विषय संपला. त्याला अकरा आठवडे झाले होते.

त्या अकरा आठवड्यांत ती चांगली जेवली होती. मैत्रीच्या परीक्षेची चिंता केली होती, पुण्याला आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी जाऊन आली होती. तिथे खडकीच्या घरात भिंतीवर बाबासाहेबांच्या तसबिरीखाली वडिलांचा फोटो होता, कारखान्याच्या खाकी कपड्यातला. वडील तपासनीस होते. तोफगोळ्याच्या तोंडाशी बसवायच्या, गोळा फोडणाऱ्या कळीचं माप घेऊन ती पास की नापास ठरवायची, पाससाठी सही करायची. अरुणा पाचवीत असताना त्यांनी एक अख्खी खेप नापास केली. वरच्यांनी समजावलं, सहकाऱ्यांनी समजावलं, आईने तर पाया पडून समजावलं. वडील म्हणाले, माप बसत नाही. त्यांची बदली वरणगावला झाली, आणि दोन वर्षं अरुणा अशा शाळेत गेली जिथे तिची एकही मैत्रीण नव्हती. ती तेव्हा वडिलांशी बोलेनाशी झाली होती. मोठी झाल्यावर लोकांना ही गोष्ट ती कौतुकाने सांगत असे. पण सांगताना दरवेळी तिच्या पोटात वरणगावच्या त्या वर्गाचा मागचा बाक असे, आणि एक निश्चय असे की आपण कधी कोणाला असं ओढत नेणार नाही. समजूतदारपणे वागू. कामातला समजूतदारपणा हीच तिची ख्याती झाली होती. वीस वर्षांत तिच्या टेबलावर एकही फाइल अडली नव्हती.

संध्याकाळी तिने शिरीषला फोन केला. तो कंपनीत तिच्या आधीपासून होता, पुण्याचाच, बेटांचा सौदा त्याने आणला होता.

"शिरीष, ती दोन वर्षांपूर्वीची जानेवारीतली गोष्ट आठवते तुला? बेन्तोच्या मेलची?"

"कुठली मेल?"

"चित्रण पुसता येऊ नये म्हणून त्याने लिहिलं होतं. मी तुला दाखवली होती. तू म्हणालास, मेस्सेच्या प्रदर्शनाआधी सौदा पूर्ण व्हायला हवा."

"अगं, ते मी सगळ्याच सौद्यांबद्दल म्हणतो. पण त्या मेलबद्दल मी काय म्हणालो, ते मला नीट आठवतंय. मी म्हटलं, टेबल तुझं आहे, तू ठरव. दोन दिवस लागणार असतील तर लागू देत. म्हटलं होतं ना?"

म्हटलं होतं. त्याने सांगितल्याबरोबर तिला त्याचा तेव्हाचा चेहराही दिसला, दारात उभा, हातात सफरचंद. इतके दिवस आपण त्याच्या तोंडून ते 'दोन दिवस लागू देत' काढून टाकलं होतं, नुसतं 'मेस्सेच्या आधी' ठेवलं होतं, आणि हे कधी केलं ते आपल्याला कळलंही नाही. तिला भीती वाटली. आणखी काय काय आपण असं पुसून ठेवलं असेल?

"काय झालंय अरुणा? अजून ते डोक्यात आहे का तुझ्या? आयोगाला उत्तर गेलंय ना?"

"माझी मेल नाही गेली त्यात."

"कोणी मागितली होती?"

"मागितली होती, वकिलाने," ती म्हणाली. "मी नाही म्हणाले."

शिरीष म्हणाला, "तुझी नोकरी आहे, मुलगी आहे. विचार करून काय ते कर." त्याच्या बोलण्यात काळजी होती, आणि तेवढ्यावरच त्याने ते सोडलं. कोणीच कधी तिला जाब विचारून धरून ठेवत नव्हतं.

स्वयंपाकघरात मैत्री ब्रेडला लोणी लावत उभी होती. अरुणाने तिला सगळं सांगितलं. मराठीत सांगितलं, कारण ही गोष्ट जर्मनमध्ये तिला सांगता आली नसती. मैत्रीने शेवटपर्यंत ऐकलं. मग जर्मनमध्ये विचारलं, "म्हणजे त्याने मदत मागितली होती याचा पुरावा फक्त तुझ्याकडे आहे?"

"त्याच्याकडेही असेल. पण त्याचा कॉम्प्युटर मंत्रालयाने नेलाय, बातम्यांत होतं."

"आणि तू वाट कसली बघत होतीस?"

प्रश्न साधा होता. मुलगी उत्तराची वाट बघत उभी राहिली, सुरी लोण्यात तशीच. अरुणाला सांगण्यासारखी पुष्कळ कारणं होती, आणि एकेक कारण ओठांपर्यंत आल्यावर मैत्रीच्या त्या सरळ भुवयांखाली लहान होत गेलं. "माहीत नाही गं," ती म्हणाली. मैत्रीने मान हलवली. रागाने नाही, एखादी माहिती नोंदवून घेतल्यासारखी, आणि आपली बशी घेऊन ती खोलीत गेली. दार तिने हळूच लावलं.

सोमवारी सकाळी, ऑफिसात आल्या आल्या, कोट अंगातच असताना अरुणाने दोन्ही मेल आयोगाच्या पत्त्यावर पाठवल्या, बेन्तोची विनंती आणि स्वतःचं उत्तर. प्रत वकिलाला, प्रत वरिष्ठांना. सोबत चार ओळी लिहिल्या: ही पत्रं पहिल्यापासून माझ्याकडे होती. फेब्रुवारीत मला विचारलं असता मी ती नाहीत असं सांगितलं. कमांडर बेन्तो यांनी नोंद सुरक्षित ठेवण्याची मागणी केली होती. ती मी नाकारली. पाठवल्यावर तिला हलकं वाटेल असं तिने गृहीत धरलं होतं. तसं काही वाटलं नाही. कोट काढून तिने खुंटीला लावला.

कंपनीने जे करायचं ते रीतसर केलं. बैठक झाली, लेखी समज मिळाली, आबमानुंग, आणि टिपण्या लिहिण्याचं काम काढून तिला जकातीच्या फॉर्मांवर बसवलं. कोणी आवाज चढवला नाही. वकील तिला जिन्यात भेटला तेव्हा दुखावल्यासारखा दिसला. हे सगळं तिने अंगावर घेतलं, जवळजवळ अधाशासारखं. शिक्षा भोगल्याने काहीतरी फिटेल अशी एक आशा मनात अजून होती. ती तिसऱ्या आठवड्यात आयोगाचं उत्तर आलं तेव्हा गेली. त्यांनी आभार मानले होते. चौकशीचं काम एप्रिलच्या सतरा तारखेला संपलं असून कमांडर बेन्तो यांनी संपूर्ण जबाबदारी स्वतःवर घेतल्याने अहवाल सादर झाला आहे. त्यांचं पद आणि निवृत्तिवेतन काढून घेण्यात आलं आहे. आपण पाठवलेली कागदपत्रं अहवालाला परिशिष्ट म्हणून जोडण्यात येतील.

तिने बोटांवर मोजलं. फेब्रुवारीच्या शेवटापासून सतरा एप्रिल. सात आठवडे. त्या सात आठवड्यांतल्या कुठल्याही दिवशी. परिशिष्ट कोण वाचतं? ती स्वतः टिपण्या लिहायची तेव्हा असल्या अहवालांचा गोषवारा वाचून सहीच्या परिच्छेदाकडे वळत असे. आता कुठेतरी, दुसऱ्या एखाद्या कंपनीत, तिच्यासारखीच कोणी नीटनेटकी बाई लिहील: या देशाने चौकशी केली, दोषीला शासन केलं. आणि तेही शब्द न् शब्द खरं असेल.

जूनमधल्या एका शनिवारी, मैत्री पोहायला गेली असताना, तिने बेन्तोच्या जुन्या कार्डावरचा खासगी नंबर लावला. लागेल असं वाटत नव्हतं. दोनदा रिंग झाली आणि त्याचाच आवाज आला. मागे कसलातरी खडखडाट होता.

"मॅडम गमरे!" त्याला खरोखर आनंद झालेला ऐकू आला. "थांबा, जरा बाहेर येतो. मेहुण्याच्या बर्फाच्या कारखान्यात असतो मी आता. फार आवाज होतो."

"मी उशीर केला," ती म्हणाली. वाक्य तिने आदल्या दिवसापासून तयार केलं होतं, त्याला पुढे आणखी चार वाक्यं होती. ती आली नाहीत. "पत्रं आधी पाठवायला हवी होती. आणि त्याही आधी, तुम्ही मागितलं होतं ते..."

"हो, मला कळवलं त्यांनी. परिशिष्ट सात." तो थोडा हसला. "बायकोने ते छापून घेतलंय. मुलांना दाखवते. तुमचे आभार."

"आभार नका मानू."

लांबवर कोणीतरी त्याला हाक मारली, त्याने त्याच्या भाषेत काहीतरी उत्तर दिलं. मग म्हणाला, "एक विचारू का? राग मानू नका. आता त्याने काही फरक पडत नाही. ते उत्तर तुम्ही स्वतः लिहिलं होतं, की तुम्हाला कोणी लिहायला लावलं?"

खिडकीखाली रस्त्यावर एक बाई सायकलला कुलूप लावत होती. अरुणा तिच्याकडे बघत राहिली. शिरीषचं नाव जिभेवर होतं, कंपनीचं होतं, नियमांचं होतं. यातलं काहीही चाललं असतं. पलीकडचा माणूस ते लगेच स्वीकारायला तयार होता, त्याच्या आवाजावरून कळत होतं, तो जणू हात पुढे करूनच उभा होता.

"मीच लिहिलं," ती म्हणाली. "कोणी लावलं नव्हतं."

"हो का," बेन्तो म्हणाला. आणि मग, "मी घरी नेहमी सांगायचो, त्या बाई चांगल्या आहेत, त्यांच्यावर वरून कोणाचातरी दाब असणार."

आतला खडखडाट तेवढा ऐकू येत होता.

"गाडी आली आहे," शेवटी तो म्हणाला. "माल भरायचाय. ठेवू का फोन?"

आपटून ठेवला असता तर बरं झालं असतं. पण तो विचारून थांबला होता, आणि ती हो म्हणेपर्यंत थांबून राहिला.

"हो," अरुणा म्हणाली.